चिंचमाळचा सहाचा भोंगा

चिंचमाळला घड्याळ फारसं कुणी बघत नाही. आटपाडीची एसटी आली की सकाळचे आठ, आणि सुलाबाईनं भोंगा दाबला की संध्याकाळचे सहा. एसटी अधूनमधून दगा देते. भोंग्यानं अजून एकदाही दिलेला नाही, कारण तो दाबणारी बाई अंगात ताप असला तरी घोंगडं गुंडाळून देवळात येते.

कारखान्याच्या पाळीला वाजतो तसला भोंगा, बिरोबाच्या देवळावर बसवलेला. सहाला तो वाजला की साडेसातला पुन्हा वाजेपर्यंत गावातले टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि पोरं वह्यापुस्तकांत. शेजारच्या तालुक्यात एका गावानं असं काही सुरू केल्याचं कानावर आलं आणि चिंचमाळनंही ठराव केला. करोनाची दोन वर्षं मोबाईलवरच्या शाळेत गेली होती, आणि पाचवीतल्या पोराला चार ओळी सलग वाचता येत नव्हत्या. गावच्या शाळेतल्या रेश्मा बाई ग्रामसभेत उभ्या राहून हे बोलल्या, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. भोंग्याचं बटण रोज कोण दाबणार असं विचारल्यावर मात्र ज्याला त्याला आपापली कामं आठवली. रोज दीडशे घरांचा टीव्ही बंद करायचा म्हणजे रोज दीडशे घरांच्या शिव्या खायच्या. शेवटी मागं बायकांत बसलेली सुलाबाई म्हणाली, "मी दाबते. तसंबी देऊळ झाडाय येतीच की मी."

बाई, तुला अक्षर येत नाही, तुला ही उठाठेव कशाला, असं तिला तोंडावर विचारणारेही होते. सुलाबाई खाली बघून देऊळ झाडत राहायची. उत्तर होतं, पण ते फार जुनं होतं.

सुलाबाई जन्मली तीच मेंढरांमागं. दसरा झाला की तिचा बाप मेंढरं, घोडं, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन पश्चिमेला निघायचा, तो पाऊस तोंडावर आला की परतायचा. लोणंदच्या अलीकडं कुठल्याशा उसाच्या बांधावर तिचा जन्म झाला. बांध कुणाचा, ते तिच्या आईलाही माहीत नव्हतं. सात वर्षांची असताना कोरेगावच्या बाजूला एका शाळेमागच्या रानात त्यांची मेंढरं खतासाठी बसवली होती. खिडकीतून डोकावणाऱ्या पोरीला मास्तरांनी आत बोलावलं. अकरा दिवस सुलाबाई शाळेत गेली. पाटीवर 'ग' गिरवून झाला, आणि बाराव्या दिवशी उजाडायच्या आत बिऱ्हाड घोड्यावर चढलं. पाटी मास्तरांची होती, ती पायरीवर ठेवून यावं लागलं. पुढं धुळाशी लग्न झालं, तोही मेंढक्याच. टेंभू योजनेचं पाणी आलं, दीड एकर डाळिंब लागलं, तेव्हा कुठं दोघांचे पाय एका जागी ठरले. पण त्या बाराव्या दिवसाचं दुःख काही गेलं नाही. साठी आली तरी ते जिथल्या तिथं होतं.

म्हणून ती कुणाला सूट देत नसे. तिचा मुलगा पप्पू सोनंचांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात बायकोला घेऊन कोइमतूरला, आणि नात माया आजीजवळ. पप्पूचा व्हिडिओ कॉल नेमका सातला यायचा. माया आशेनं बघायची, फोन थरथरत राहायचा आणि आजी भाकरी थापत राहायची. "साडेसातला कर म्हनून सांगितलंय त्याला," एवढंच. पोटच्या पोराची ही गत, तिथं गावाची काय कथा.

भोंगा झाला की मेंढरांमागची काठी घेऊन ती गावात फेरी मारायची. क्रिकेटच्या एका मोठ्या मॅचच्या दिवशी कुणीतरी भोंग्याची वायर तोडली. त्या संध्याकाळी ती पितळी परात बडवत गल्लीगल्लीतून फिरली. परातीला पोचे आले, पण मॅच कुणाला धड बघता आली नाही. त्यानंतर वायरीला कुणी हात लावला नाही.

फक्त एका घरापुढं तिची काठी अडायची. देवळासमोरचंच घर, सरपंच नानासोंचं. नानासोंची आई साळूबाई पंच्याऐंशीची. दोन्ही गुडघे गेलेले, दोन वर्षं खाटेवर. ऐकू कमी यायचं, त्यामुळं तिचा टीव्ही वेशीपर्यंत पोचायचा. भोंगा वाजून गाव चिडीचूप झालं की सरपंचांच्या घरातून सासूसुनांची भांडणं सुरू व्हायची. इकडं पोरं पाढे म्हणताहेत, आणि तिकडं मालिकेतली सासू त्यांच्याहून मोठ्यानं सुनेला घराबाहेर काढते आहे. सुलाबाई तीनदा त्या दारात गेली. तिन्ही वेळा नानासो ओसरीवर आडवे आले. "आक्का, म्हातारं मानूस हाय. तेवढाच तिच्या जिवाला इरंगुळा. तिचं सोडा."

आजारी माणसाशी काय भांडायचं, म्हणून ती माघारी फिरली. पण मेंढरं कोंडायच्या जाळीला भोक एकच असलं तरी अख्खा कळप त्यातूनच बाहेर पडतो, हे मेंढक्याच्या लेकीला कुणी शिकवावं लागत नाही. झालंही तसंच. "सरपंचाच्यात चालतंय, मग आमच्यातच काय म्हनून?" असं म्हणत पावसाळ्यापर्यंत वीसपंचवीस घरांत आवाज बारीक करून टीव्ही सुरू झाले. सुलाबाईला सगळं कळत होतं. आता एक दिवस, फक्त एक दिवस भोंगा चुकला की हा नेम मोडला म्हणून समजा, अशी तिची खात्री झाली होती.

आणि नेमका तसा दिवस आला. तेवीस ऑगस्टला आपलं यान चंद्रावर उतरणार होतं, आणि उतरायची वेळ होती संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं.

आदल्या दिवशी देवळात बैठक बसली. नानासोंनी विषय काढला आणि लगेच मिटवलाही. "उद्या भोंग्याला सुट्टी. ज्यानं त्यानं आपल्या घरात निवांत बघावं."

"भोंगा वाजनार," सुलाबाई म्हणाली.

बसलेल्यांत कुजबुज झाली. गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील, ज्याला प्रत्येक बैठकीत बोलावंच लागतं, तो म्हणाला, "आवं आक्का, सारा देश बघनार हाय. यान काय रोज उतरतंय व्हय?"

"रोज न्हाई उतरत. पोरं मातर रोज वाडत्यात."

"म्हंजे देशापरीस तुमचा भोंगा मोटा झाला?"

हे मात्र सुलाबाईला लागलं. तिचा सख्खा भाऊ फौजेतून निवृत्त झालेला, आणि हा कालचा पोरगा तिला देश शिकवत होता. तिनं काठी जमिनीवर टेकली, पण आवाज चढवला नाही. "मला त्यातलं काय कळत न्हाई, बाबा. बाईंनी सांगावं. ह्यात पोरांनी शिकन्यासारखं काय हाय?"

रेश्मा बाईंनी चंद्र किती लांब, तिथं हवा का नाही, पाणी कुठं सापडण्याची आशा आहे, हे सगळं सांगितलं. सुलाबाई मान हलवत राहिली, पण चेहरा काही हलला नाही. मग बाई म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वीपण आपण एक पाठवलं होतं. अगदी जवळ पोचलं, आणि शेवटच्या घडीला पडलं."

"पडलं?"

"हो. आपटलं."

"मग?"

"मग काय, कुठं चुकलं ते शोधत बसली माणसं. चार वर्षं. आणि आता हे नवीन पाठवलंय."

पायरीवर ठेवलेली पाटी सुलाबाईला आठवली असावी. सारं हातचं गेलेलं असताना कुणी तरी चार वर्षं खाली मान घालून बसतं आणि पुन्हा निघतं, हे तिला फार आवडलं. "मग ते पोरांनी बगाय पायजे," ती म्हणाली. "पर आसं ज्याच्या त्याच्या घरात लोळत न्हाई. हितं, देवळात. पडदा एकच. पोरांनी वह्या आनायच्या आन बघितल्यालं लिवायचं. म्हंजे तो अभ्यासच झाला. बाकी घरातलं टीव्ही बंद, मोबाईल बंद. भोंगा सहाला वाजनार."

बाईंनी शाळेतला प्रोजेक्टर आणायचं कबूल केलं. नानासोंनी सगळ्यांकडं बघितलं, आणि वाद मिटतोय म्हटल्यावर हसून हात वर केले. "बरं, आक्का. सगळं गाव देवळात. सगळ्यांचं टीव्ही बंद. माझ्यासकट."

दुसऱ्या दिवशी चारपासूनच माणसं यायला लागली. त्या वर्षी श्रावण कोरडाच चालला होता, त्यामुळं रानात कामही फारसं नव्हतं. धुळानं मेंढरं लवकर कोंडली आणि घरातली चारही घोंगडी आणून सभामंडपात अंथरली. दोन खांबांना पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. बाईंच्या मोबाईलवरून लॅपटॉपला नेट, लॅपटॉपवरून प्रोजेक्टरला चित्र. पोरं पुढं, त्यांच्यामागं बाया, कडेनं बापये. सव्वापाचच्या सुमाराला धोतरावर मोठी खोली उमटली. तिथं रांगेनं माणसं बसलेली, आणि प्रत्येकापुढं टीव्हीसारखा एकेक पडदा. धुळा म्हणाला, "एवढी शिकल्याली मानसं, आन एकाच्याबी तोंडावर हसू न्हाई." त्याला कुणीतरी गप्प केलं.

पावणेसहाला यान खाली उतरायला लागलं. बाई एकेक गोष्ट समजावून सांगत होत्या, माया आणि तिच्या मैत्रिणी वह्यांत उतरवून घेत होत्या. सहाला दहा कमी असताना चित्र थांबलं. धोतरावर एक गोल नुसताच गरगर फिरत राहिला.

बाईंनी लॅपटॉप बंद करून चालू केला. गोल तसाच. आणि मग जे मोबाईल घरी ठेवायचे ठरले होते, ते सगळे खिशांतून बाहेर आले. कमरेतून, पिशव्यांतून, एक तर फेट्यातून निघाला. अख्खं गाव एकाच वेळी चंद्र शोधायला लागलं. गावाला रेंज देणारा टॉवर एकच, तोही लांब टेकडीवर. प्रत्येकाच्या हातात तोच गोल फिरू लागला. "तुज्यात येतंय का रं?" "न्हाई गड्या, अडकलंय."

सहाला एक मिनिट कमी असताना सुलाबाई उठली आणि गाभाऱ्याशेजारच्या बटणापाशी गेली.

नानासोंनी ते पाहिलं. "आक्का, आता नगं. दोनच मिन्टं थांबा. येळ बगा कसली हाय."

"सहा वाजल्यात, नाना."

"आगं, मानसं कावल्यात," धुळा हळूच म्हणाला. धैर्यशील तर उठून उभाच राहिला होता. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं, आणि त्या बघण्यात मायेचा लवलेश नव्हता. सुलाबाईनं त्यांच्याकडं पाठ केली आणि अंगठ्यानं बटण दाबलं.

भोंगा वाजला. अर्धा मिनिट, नेहमीसारखा. आणि सवय ही काय चीज आहे बघा: रागानं लाल झालेल्या माणसांनीही मोबाईल खिशात घातले. काहींनी शिव्या देत घातले, पण घातले. धैर्यशीलनंही घातला. भोंगा थांबला आणि देवळात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली.

त्या शांततेत बाई ओरडल्या, "आलं, आलं." धोतरावर चित्र हललं होतं. सगळ्यांचे मोबाईल बंद झाले म्हणून नेट मोकळं झालं, असं बाई म्हणतात. ते आपोआपच येणार होतं, असं धैर्यशील म्हणतो. गावात यावरून दोन तट आहेत, आणि ते मिटायची चिन्हं नाहीत.

पण त्याच शांततेत आणखी एक आवाज सगळ्यांना ऐकू आला. समोरच्या घरातून, अगदी खणखणीत. सरपंचांचा टीव्ही चालू होता.

सगळ्या माना नानासोंकडं वळल्या. नानासो घोंगड्याचे धागे बघायला लागले. सुलाबाईनं काठी उचलली.

"आगं, आता तर चित्र आलंय," धुळा म्हणाला. "तीन मिन्टात उतरतंय. बगून जा की."

"फेरी ऱ्हायलीय," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

आज ओसरीवर आडवं यायला कुणी नव्हतं. भोंगा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ती त्या घरात आत शिरली. आतल्या खोलीत खाटेवर साळूबाई उशीला टेकून बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या, झाकून ठेवलेलं ताट, आणि समोर टीव्हीत तेच यान. सुलाबाई टीव्हीच्या बटणाशी गेली.

"कर बंद," साळूबाई म्हणाली. "तुला काय, बंद करायचाच ठावं हाय."

"काकी, सगळ्या गावाचा बंद हाय."

"सगळं गाव देवळात हाय. मला कुनी इचारलं व्हय, यायचं का म्हनून? टीव्ही लावून दिला की म्हातारीचं काम झालं. सकाळी लावत्यात, रातच्याला बंद करत्यात. मानूस म्हनून कुनी दोन घटका बसत न्हाई हितं. त्यो बोलतोय तवर वाटतंय, घरात कुनीतरी हाय."

सुलाबाईचा हात बटणावर तसाच राहिला. इतके महिने ती या टीव्हीवर जळत होती, आणि तो बघणारं माणूस कसं आहे हे बघायला एकदाही आत आली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. मेंढरू लंगडलं तर त्याला मागं सोडून कळप हाकायचा नसतो, हे तर तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं.

तिनं टीव्ही बंद केला. साळूबाईनं तोंड फिरवलं. सुलाबाईनं काठी भिंतीला टेकवली, खाटेला पाठ लावून खाली वाकली आणि म्हणाली, "गळ्यात हात घाला, काकी."

"काय करतीस गं?"

"येळ न्हाई. हात घाला."

देवळात त्या वेळी कुणाचंही दाराकडं लक्ष नव्हतं. यान अगदी खाली आलं होतं, आकडे भराभर उतरत होते, बाईंनी समजावणं सोडून नुसतेच हात जोडले होते. धापेचा आवाज आला म्हणून मागच्या बायका वळल्या, तर पायरीवर सुलाबाई, आणि तिच्या पाठीवर साळूबाई. वाट आपोआप झाली. ती थेट पुढं पोरांच्या रांगेपर्यंत आली आणि वाकली. नानासो धडपडत उठले, त्यांनी आईला धरून घोंगड्यावर बसवलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

धोतरावरची माणसं एकदम उठून टाळ्या वाजवायला लागली. इथं मात्र कुणी हललं नाही. मागच्या वेळी शेवटच्या घडीला पडलं होतं, हे बाईंनी सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं.

"पडलं का गं?" साळूबाईनं विचारलं.

"न्हाई, काकी," सुलाबाईला अजून दम लागला होता. "उतरलं. पायावर हुभं हाय."

मग देवळात जो दंगा झाला तो काय सांगावा. धुळानं बिरोबापुढचा भंडारा मुठीनं उधळला, चांगभलं झालं, पोरं पिवळी झाली, बाईंचा लॅपटॉप पिवळा झाला. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. पाचपन्नास हात व्हिडिओ काढायला खिशांकडं गेले.

"साडेसातला," सुलाबाई म्हणाली.

हात तिथंच थांबले. तिनं प्रोजेक्टरकडं बोट केलं. "बाई, आता ह्येबी बंद. पोरांनू, वह्या काढा."

साडेसातपर्यंत पोरांनी लिहिलं, आणि प्रत्येकानं ते साळूबाईच्या कानाशी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण हळू वाचलेलं तिला ऐकूच येत नव्हतं. मायाला 'दक्षिण ध्रुव' वाचताना तीनदा अडखळायला झालं. साळूबाई तिन्ही वेळा म्हणाली, "परत वाच." बाई मागून हे बघत होत्या. मोठ्यानं वाचा, मोठ्यानं वाचा, म्हणून त्या दोन वर्षं पोरांच्या मागं लागल्या होत्या.

साडेसातचा भोंगा झाल्यावर आईला पाठीवर घेऊन नानासो घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला सुलाबाईनं बटण दाबलं. भोंगा वाजला, थांबला. काठी घेऊन ती देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि सवयीनं समोरच्या घराकडं कान लावला. मालिकेतली सासू आज गप्प होती. मग त्या घरातून साळूबाईचा आवाज आला, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा:

"सुले, क्येला गं बंद. आता पोरं धाड."